गावातील तरुण कार्यकर्तीचा सन्मान कसा करावा?

पांझराकाठ (साक्री तालुका):
आमच्या गावातील बरीच कुटुंबे दिवाळीनंतर उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. पूर्वी मुलेही सोबत जात, त्यामुळे हजेरीपटावर नाव असूनही मूल सहा महिने शाळेचे तोंड पाहत नसे. गेल्या चार वर्षांत हे चित्र पालटले ते गावातल्याच एका 24 वर्षांच्या मुलीमुळे. टोळी निघण्याच्या आठवडाभर आधी ती वही घेऊन घरोघरी जाते, कोणते मूल कोणत्या आजीकडे राहील आणि त्याच्या पीठमिठाची सोय कोण करील हे मुकादमासमोर लिहून घेते आणि पुढे रोज सायंकाळी मारुतीच्या पारावर त्या मुलांचा अभ्यास घेते. यंदा 28 मुले गावात राहिली. मी निवृत्त शिक्षक आहे. मला उभ्या नोकरीत जे साधले नाही ते या मुलीने केले. तिचा गावाने गौरव करावा अशी माझी तळमळ आहे, परंतु सत्काराचा फलक पुढाऱ्यांच्या छायाचित्रांनी भरून जातो हे अनेकदा पाहिले आहे. तिच्या कामाला बळ मिळेल असा सन्मान कसा करावा?

धुळेकर:
गुरुजी, जिल्हा युवा पुरस्कारासाठी तिचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अवश्य द्या. 15 ते 35 वयोगटातील युवक-युवतींना गौरवपत्र, सन्मानचिन्ह आणि 10 हजार रुपये असे त्याचे स्वरूप आहे. प्रस्तावाला कामाचे पुरावे लागतात आणि तिची वही हाच सर्वांत मोठा पुरावा आहे, म्हणून तिच्या पानांच्या प्रती आजच काढून ठेवा. त्याआधी ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घ्या. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला की सरपंच बदलले तरी तो कागद राहतो.

शहाद्याची ताई:
मी थोडे वेगळे सांगते. मी 22 वर्षांची असताना बचत गटाच्या कामासाठी माझा मोठा सत्कार झाला. व्यासपीठावर एकाच पक्षाची माणसे होती, आणि दुसऱ्या आठवड्यापासून गटातल्या निम्म्या बायकांनी बैठकीला येणे सोडले. ही आता त्यांची झाली, असे त्यांनी गृहीत धरले. ती माणसे परत जोडायला मला दोन वर्षे लागली. म्हणून गुरुजी, आधी त्या मुलीला विचारा. ज्या आज्या नातवंडे सांभाळतात त्यांची नावे तिच्या नावाबरोबर घेतली गेली, तर गावात मत्सर न वाढता आपलेपणा वाढेल.

रानभाजी:
आपल्याच तालुक्यातील बारीपाड्याकडे पाहा. तेथे जंगल राखण्याचे काम उभे करणाऱ्या चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली 2025 मध्ये, पण झाडे तोडणाऱ्याला दंड करण्याचा नियम पाड्याने त्याच्या कितीतरी आधी स्वीकारला होता. लोकांनी आपल्या चुलीचे सरपण नियमात बसवले, यापेक्षा मोठा मान कार्यकर्त्याला कोणता? तेथे 2004 पासून वनभाजी स्पर्धा भरते, तिच्यात बाया आपापल्या भाज्या रांधून मांडतात आणि त्या निमित्ताने जंगल राखण्याच्या कामाचाच गौरव होतो. तुम्हीही मुलांना पारावर वाचायला उभे करा. आईबापांनी ते ऐकावे.

पांझराकाठ (साक्री तालुका):
सर्वांचा आभारी आहे. ताईंच्या सूचनेप्रमाणे काल तिला विचारले. ती बराच वेळ वहीच्या कडा सारख्या करत राहिली आणि मग म्हणाली, "गुरुजी, पारावर दिवा नाही, तेवढा बसवा." शेजारी बसलेली एक आजी म्हणाली, "पोर काम करस, तिले करू द्या, पन तिनं नाव बी घ्या." दोघींचेही ऐकायचे ठरवले आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, टोळ्या परतलेल्या असतात, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात आणि सालदारांचे (वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्यांचे) नवे सालही त्याच दिवशी ठरते, म्हणजे सारे गाव जागेवर असते. त्या संध्याकाळी पारावर मुले वाचतील, आज्यांची नावे घेतली जातील आणि दिव्याची कळ तिच्या हातून दाबली जाईल. फलक लावणार नाही. ठरावाचा मसुदा मी लिहायला घेतला आहे, आणि युवा पुरस्काराच्या प्रस्तावासाठी वहीच्या प्रती काढायला उद्या साक्रीला जात आहे.