लेकीच्या परदेशातल्या बाळंतपणाला आईने कधी जावं? माझं मत : पहिल्या महिन्यात नाही

उंबरठा

डोहाळजेवणाचे फोटो ग्रुपवर पडले की पाठोपाठ प्रश्न येतो, "मग आई कधी निघणार?" उत्तरही ठरलेलं : नववा लागला की. हे गणित माहेरच्या बाळंतपणाचं आहे. अमेरिकेतल्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटला ते जसंच्या तसं लागू होत नाही.

अमेरिकेचा बी-२, म्हणजे भेटीचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेत साधारण सहा महिनेच राहता येतं. परतायची तारीख विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत लिहितो. सदतिसाव्या आठवड्यात पोचलेल्या आईचे सहा महिने बाळ पाच महिन्यांचं झालं की संपतात. आता सुट्टीचा हिशेब बघा. एफएमएलए या तिथल्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्याने लेकीला १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी. त्यातही कंपनीत ५० माणसं हवीत, नोकरीला वर्ष झालेलं हवं आणि त्या वर्षात १,२५० तास भरलेले हवेत. बापाची जी काही सुट्टी असते तीही पहिल्याच आठवड्यांत जाते.

म्हणजे पहिल्या आठवड्यात एका बाळामागे घरात तीन मोठी माणसं, आणि तेराव्या आठवड्यापासून आजी सोडली तर एकही नाही; बाळ पाच महिन्यांचं झालं की तीही नाही. बोलवायचंच असेल तर दहाव्या आठवड्यात बोलवा. दोन-अडीच आठवडे लेक घरात असताना आईचा हात बसतो : काढून ठेवलेलं दूध खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, डीप फ्रिजमधलं एकदा वितळलं की २४ तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. ते मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, एकीकडे कोमट आणि एकीकडे चटका देणारं होतं. बाटली गरम पाण्यात उभी करायची.

आणि अशी गेलेली आई बाळाच्या आठव्या महिन्यापर्यंत असते. म्हणजे पेज, मऊ भात, वरणाचं पाणी सुरू होतं तेव्हा ती तिथे हजर. आजीची खरी विद्या तिथेच कामी येते.

अळूवडी

सहमत नाही. हिशेब बाळाचा मांडलाय, बाळंतिणीचा नाही.

नवजात बाळ दिवसाचे सोळा तास झोपतं खरं, पण दोन-अडीच तासांच्या तुकड्यांत. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. एका पाजण्याला अर्धा-पाऊण तास धरला तर आईच्या वाट्याला सलग झोप किती येते ते मोजा. सिझेरियन असेल तर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणजे कपड्यांची टोपली नाही, कुकर भरलेला नाही. नैसर्गिक प्रसूतीला दोन दिवसांत आणि सिझेरियनला तीन-चार दिवसांत दवाखाना घरी पाठवतो. आईची सविस्तर तपासणी बऱ्याच ठिकाणी थेट सहाव्या आठवड्यात. मधल्या काळात तिचं अंग गरम आहे का, टाके लाल झालेत का, ती कारण नसताना रडते का, हे बघायला घरात कोणीतरी लागतं. नवरा बघेल, पण तोही न झोपलेलाच.

खाणं वेगळंच. बाळंतिणीला तहानभूक एकदम लागते आणि एक हात बाळाखाली अडकलेला असतो. एका हाताने खाता येईल असं काही समोर येणं, याला बाळंतपण करणं म्हणतात. दहाव्या आठवड्यात येऊन त्याची भरपाई होत नाही.

पेडगावचा शहाणा

एका हाताने खायला लाडू लागतो, तिकीट नव्हे. डिंकाचे लाडू सातव्या-आठव्या महिन्यात घरीच करून ठेवता येतात. प्रमाण : डिंक पाव किलो, खारीक पूड अर्धा किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, गूळ साडेपाचशे ग्रॅम, तूप तीनशे ग्रॅम, बदाम शंभर ग्रॅम, खसखस पन्नास ग्रॅम, एक जायफळ. पन्नासेक लाडू होतात, सव्वा महिन्याला पुरून उरतात.

तिथे हमखास चुकतं ते असं. डिंकाला ऊन दाखवता येत नाही, तो दमट राहतो. हरभऱ्याएवढे तुकडे करून रात्रभर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावा. तूप जास्त तापलं तर डिंक वरून फुलतो पण आत खडा राहतो आणि दाताला चिकटतो. मध्यम आचेवर चार-चार तुकडेच टाकावेत आणि एक तुकडा चुरडून आतपर्यंत भुसभुशीत झालाय ना ते बघावं. खारीक पूड तुपावर जेमतेम परतायची, करपली तर सगळा घाणा कडू. गुळाचा पाक करायचा नाही. गूळ विरघळून बुडबुडे आले की बास, पुढे गेलात तर लाडू फोडायला अडकित्ता लागेल. थंड घरात सारण भराभर आळतं, म्हणून पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवूनच वळावेत.

तूप इकडून न्यायची गरज नाही. अनसॉल्टेड बटरच्या ४५४ ग्रॅमच्या पुड्यातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. वास हवा असेल तर कल्चर्ड बटर घ्यावं, ते विरजलेल्या सायीचं असतं, साधं गोड सायीचं.

फ्रीजरमध्ये शिजवलेली मूगडाळ, आमटी, ओलं खोबरं, अर्धवट भाजलेले मेथीचे पराठे उत्तम टिकतात. बटाटा घातलेलं काही ठेवू नका, वितळल्यावर पिठूळ होतो. एवढं केलं की पहिला महिना निघतो. उंबरठा यांना अनुमोदन.

हेगची सायकल

सगळी चर्चा अमेरिकेवरच चाललीय. देश बदलला की उत्तर बदलतं.

नेदरलँड्समध्ये क्रामझोर्ख आहे. प्रसूतीनंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित बाई घरी येते, एकूण किमान २४ आणि जास्तीत जास्त ८० तास. टाके बघते, बाळाचं वजन-तापमान लिहिते, पाजायला शिकवते, थोडं घरकामही करते. तासामागे काही रक्कम आपल्याला भरावी लागते, बाकी विमा देतो. नोंदणी मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करायची. जर्मनीत हेबामे, म्हणजे सुईण, पहिले दहा दिवस रोज येऊ शकते, नंतर बारा आठवड्यांपर्यंत आणखी सोळा वेळा. मोठ्या शहरांत ती मिळणं कठीण, म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की आधी हेबामे शोधतात आणि मग नातेवाइकांना कळवतात. तिथे आईला प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे पगारी रजा असते, जुळं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर नंतरचे बारा.

पण या देशांना लागणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. सहा महिन्यांची चैनच नाही. उलट कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेत पाच वर्षं राहू शकतात, त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. तेव्हा आधी व्हिसा आणि देशाची सोय बघा, मग पंचांग.

रात्रपाळी

कधी जावं याहून काय ठरवून जावं हे मला महत्त्वाचं वाटतं. बाळाच्या डॉक्टरशी आणि आजीशी एकाच वेळी भांडण होतं ते चार-पाच ठरलेल्या गोष्टींवरून.

बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवायचं नाही. उताणं, कडक सपाट गादीवर, उशी-गोधडी-दोहर काही नको. यात श्वास कोंडून किंवा झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका कमी होतो. अमेरिकेत १९९४ पासून हे सांगताहेत. घरात हीटर असतो, त्यामुळे टोपरं आणि दोन दुपट्यांत बाळ उलट तापतं. मानेमागे हात घालून बघावं, घाम लागला तर एक थर कमी.

बाळगुटी नको. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ सहाणेवर किती वेढे उगाळले याचं प्रमाण हातागणिक बदलतं. सहाणेची स्वच्छता हा आणखी वेगळा प्रश्न. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढू शकत नाहीत, बाळाच्या वाढू शकतात. काजळात शिसं असू शकतं. त्याऐवजी अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे असतात, ते आजीच्या ताब्यात द्यावेत. रोज न चुकता देणारं घरात तेच एक माणूस असतं!

दवाखान्यातून निघताना गाडीत मागे तोंड असलेली बाळाची सीट लागते. जाड जाकीट घालून पट्टा बांधायचा नाही. धडकेत जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा, वरून पांघरूण.

आजी-आजोबांनी टीडॅपची (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) लस बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, आणि हंगामात फ्लूचीही. डांग्या खोकला मोठ्यांना नुसता खोकला असतो, बाळाला जिवावरचा.

बोरकूट

उंबरठा, तुमच्या हिशेबात एक मोठी गोम आहे. तेराव्या आठवड्यापासून "घरात एकही माणूस नाही" म्हणून आई आणायची, याचा अर्थ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आठवड्याचे पाच दिवस, साठीच्या बाईने एकटीने बाळ सांभाळायचं. भेटीचा व्हिसा भेटीसाठी असतो, पाळणाघराचे पैसे वाचवायला नाही. आई म्हणजे बदली कामगार नव्हे.

तिचा दिवस कसा जातो बघा. उपनगरात पायी जाण्यासारखं काही नाही, बस नाही, गाडी चालवता येत नाही. डिसेंबरात शिकागोला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. बाळ झोपलं की बोलायला कोणी नाही, आणि पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. पहिल्या महिन्यात निदान लेक तरी घरात असते. तुमच्या दहाव्या आठवड्याचा अर्थ आईला एकांतवास.

तब्येतीचा विषय तर कोणी काढलाच नाही. भेटीला येणाऱ्यांचा विमा दोन प्रकारचा असतो. स्वस्त योजनेत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, आणि अमेरिकी दवाखान्याचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. दुसरी सर्वसमावेशक, तिच्यात ठरावीक वजावटीनंतर खर्चाचा मोठा भाग भरला जातो. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार दोन्हीत बहुतेक वगळलेले असतात. अचानक उद्भवलेला झटका तेवढा काही योजनांत धरतात, तोही वयाच्या अटीवर. ती अट वाचल्याशिवाय घेऊ नका. औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं. हे माहीत नसलं तर आई दुकानात रिकाम्या हाताने उभी.

उंबरठा

बोरकूट, पाळणाघराचा मुद्दा मान्य. दहा तास एकटीने सांभाळणं कोणाच्याच आईवर लादू नये. पाळणाघरात अर्धा दिवस आणि आजीकडे अर्धा, असं असेल तरच माझं गणित टिकतं. बाळ पाळणाघरात गेलं की पहिले काही महिने सर्दी-ताप चालूच राहतो आणि ताप असलेलं बाळ ते परत पाठवतात. तेव्हा घरी कोणीतरी असणं ही खरी गरज.

अळूवडींच्या मुद्द्यावर मात्र मी अजून अडून आहे. तुम्ही सांगितलेली पहिल्या महिन्यातली कामं, म्हणजे टाके बघणं, स्वयंपाक, रात्रीचं एक पाजणं, ही नवऱ्याने शिकायची. आई तिथे असली की तो शिकत नाही. तो "आई आहेत ना" म्हणत बाजूला होतो आणि ती गेल्यावर दोघेही उघडे पडतात.

पेडगावचा शहाणा

शेवटचं वाक्य वर्मी लागलं. नवरेमंडळींनी नोंद घ्यावी.

दोन्ही आया असतील तर साखळी करतात : एक पहिल्या खेपेला, दुसरी ती परतायच्या आधी आठवडाभर. दोघी एकदम बोलवू नका. एका ओट्यावर दोन फोडण्या होत नाहीत.

अळूवडी

नवरा शिकेल हे खरं, पण सिझेरियनच्या टाक्यांवर त्याने शिकायचं हे मला पटत नाही. साखळीही चालेल, फक्त पहिली कडी प्रसूतीच्या वेळी हवी. पहिलटकरणीला तारखेच्या आधी दोन आठवडे पोचावं. त्याहून आधी गेलात तर व्हिसाचे दिवस वाट बघण्यात जातात.

एक दुरुस्ती पेडगावच्या लाडवांत. खसखस वगळा. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. दुबईत विमान बदलणार असाल तर सामानात नकोच, लाडवातलीही नको. आणि अमेरिकेत काही दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी लघवीची अमली पदार्थांची तपासणी होते. खसखशीमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग बालकल्याण खात्याची चौकशी मागे लागल्याची प्रकरणं झाली आहेत. आठव्या-नवव्या महिन्यात तर ती खाऊच नये. त्याऐवजी तीळ घालावेत, हलके भाजून.

आणि धुरी नको. शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकला की छतावरचा गजर कोकलतो. इमारतीचा असला तर सगळी बिल्डिंग जिने उतरून खाली येते, थंडीत, बाळंतिणीसकट. शेकायला रबरी पिशवी न्या, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून घ्या.

पेडगावचा शहाणा

तीळ चालतील. जायफळ राहू द्या.