फायबरग्लासचा सबवूफर बॉक्स पहिल्यांदाच करतोय, सल्ला हवा

डिकीतला_कोपरा:
डिकीत चाकाच्या कमानीमागे जो खोलगट कोपरा असतो, तिथे १० इंची सब (सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर) बसवायचाय. एमडीएफचा चौकोनी बॉक्स ठेवला तर सामानाला जागाच उरत नाही. सबच्या मॅन्युअलमध्ये सील्ड (पूर्ण हवाबंद) बॉक्ससाठी आतली जागा १८ लिटर दिलीय. लाकूडकाम जमतं, पण रेझिनला कधी हात लावलेला नाही. किती थर द्यायचे? आणि असल्या वेड्यावाकड्या आकाराचं आतलं माप काढायचं कसं?

जुना_बास:
सील्डच करा, पहिल्या खेपेला पोर्टच्या (हवेसाठी ठेवलेल्या भोकाच्या) भानगडीत पडू नका.

कोपऱ्यावर मास्किंग टेपचे आडवे-उभे दोन थर, वरून अॅल्युमिनियम फॉइल, बाकी डिकी प्लास्टिकने झाका. ४५० ग्रॅमची (दर चौरस मीटरला) चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चादर, आणि पॉलिएस्टर रेझिन घ्या. मॅट कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडा, कडांचे धागे एकमेकांत मिसळतात आणि जोड उठून दिसत नाही. ब्रश ओढू नका, टेकवत जा. मॅट भिजली की पारदर्शक होते. पांढरं दिसतंय तिथे हवा अडकली आहे, रोलरने काढा. गाडीत दोनच थर द्या. कडक झालं की साचा उचलून बाहेर आणा आणि जाडी ६ मिमीच्या आसपास जाईपर्यंत थर वाढवा. एक थर साधारण १ मिमीचा धरा.

रेझिनवाली:
थरांच्या आधी मास्क! तो वास स्टायरीनचा असतो, धुळीच्या मास्कने काहीही अडत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेलाच घ्या, आणि काम उघड्यावर करा. हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे गॉगल हवाच. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते) वेगळं मिळालं असेल तर ते आणि हार्डनर थेट एकत्र कधीही करू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर, रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. थोडं थोडंच कालवा. कपात उरलेलं रेझिन इतकं तापतं की धूर येतो, ते गाडीत ठेवू नका.

डिकीतला_कोपरा:
मास्क-गॉगल आधी घेतो. पुढच्या बाजूला फ्लीस (ताणलं जाणारं मऊ कापड) ताणायचं म्हणतात, तेवढं पुरतं का?

जुना_बास:
अजिबात नाही, बहुतेकांचे बॉक्स इथेच फसतात. सब ज्यात बसतो ती १८ मिमी एमडीएफची रिंग काठ्यांवर उभी करून त्यावर फ्लीस ताणलं आणि रेझिन पाजलं, की ते कडक होतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण ते नुसतं कवच. रिंगच्या भोकातून हात घालून आतून मॅटचे थर द्या, नाहीतर सब वाजला की तो भाग थरथरेल. सपाट भाग जास्त हलतो, त्यामुळे आकार जमेल तितका गोलसर ठेवा.

माप मात्र रिंग बसवण्याआधीच घ्या. मागच्या कवचात (कोपऱ्यातून उचललेल्या साच्यात) मोजून पाणी ओता: लिटर सरळ कळतात, आणि पिनहोल (बारीक छिद्र) राहिलं असेल तर तिथून ठिबकतं. जितके लिटर कमी पडतील त्या हिशोबाने रिंग पुढे सरकवा. सब स्वतः जी जागा खातो ती १८ मध्ये मिळवायला विसरू नका. पुढचं काम कवच पूर्ण सुकल्यावरच.

रेझिनवाली:
आणि टेल लॅम्पच्या नटांपर्यंत हात पोहोचतोय ना, जॅक निघतोय ना, ते टेप लावण्याआधी बघा. साच्याच्या कडा तिथूनच ठरतील.