शब्दचर्चा : मेंदूज्वर की मेंदूदाह? धोका की जोखीम?

प्रश्न (सोलापूर) : वस्तीतल्या फलकासाठी मजकूर करतेय. ‘जपानी एन्सेफलायटिस’ला, म्हणजे मेंदूला सूज आणणाऱ्या तापाला, काय म्हणावं? आणि ‘आजाराचा धोका’ लिहू की ‘जोखीम’?

वैद्यक : ‘मेंदूज्वर’ रुळलाय, पण मोघम आहे. मेंदूच्या आवरणाला सूज आली तरी मेंदूज्वर, खुद्द मेंदूला आली तरी मेंदूज्वर. ‘मेंदूदाह’ नेमका, पण फलकावर तो कुणाला कळणार नाही. ‘जपानी मेंदूज्वर’ लिहा आणि लक्षणं बोलीत द्या : तापात आकडी येणं, असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना. ‘ग्लानी’ मात्र टाळा. लोक तो थकवा समजतात आणि त्यात तास जातात.

कीटकशास्त्र : ‘डासांमुळे होणारा’ हे सरसकट लावू नका. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेला विषाणूही मुलांना मेंदूज्वर देतो, पण तो पसरवते वालुमाशी. ती पाण्यात वाढत नाही. भिंतीच्या भेगा आणि शेणकचऱ्याची ओलसर माती हे तिचं घर. तिथे भेगा लिंपायला हव्यात. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत येते.

जपानी मेंदूज्वराचा क्युलेक्स डास भातखाचरात, साचलेल्या डबक्यात वाढतो आणि संध्याकाळनंतर चावतो. सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. आठवड्यातून एकदा पिंपं रिकामी करून घासायचा ‘कोरडा दिवस’ त्यासाठी हवाच, पण तो मुख्यतः डेंगीच्या डासावरचा उपाय. फलकावर दोन्ही एका ओळीत घातले, तर पिंप घासलं की मेंदूज्वर टळला, असा समज होईल.

भाषा : धोका ठिकाणाचा, जोखीम माणसाची. डबकं, ज्यांच्यात विषाणू वाढतो ती डुकरं नि बगळे, क्युलेक्स हे सगळं एकत्र असलं की धोका आहे. तिथे उघड्यावर झोपणाऱ्या, लस न घेतलेल्या मुलाची जोखीम मोठी. एसटीत ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणतात तेव्हा दागिनेच अभिप्रेत असतात. म्हणजे जपायची वस्तू. मुलांबद्दल लिहिताना तो जुना अर्थही कामी येतो.

वैद्यक : आकडाही द्या. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची साधारण २५० जणांना लागण झाली तर एकालाच गंभीर आजार होतो. पण मेंदूला सूज आलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जातं. पहिलंच वाक्य लिहिलं तर लोक निर्धास्त होतात, दुसरंच लिहिलं तर घाबरतात.

प्रश्नकर्ती : ‘संसर्गजन्य’ म्हणू?

वैद्यक : नको, लोक त्याचा अर्थ ‘शिवल्याने होणारा’ असा घेतात. विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो, तिथून डास तो माणसात आणतो. माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो की त्याला चावून डास बाधित होत नाही. ‘रुग्णाजवळ बसल्याने होत नाही’ असं सरळ लिहा.