मदत हवी आहे: पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) करायचीय, ३० दात्यांची घेऊ की ३२?

मंडळी, आकडेमोड करून करून डोकं फिरलंय म्हणून विचारतोय. माझी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे, २९ इंची चाकं, पुढे ४२-३२-२२ दात्यांच्या तीन चेनरिंग आणि मागे ११-३४ ची नऊ स्पीड कॅसेट (चाकावरच्या नऊ दातेरी चकत्यांचा संच). पुढच्या डिरेल्युअरने (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आता पार वैताग आणलाय. चढ लागायच्या आधीच २२ वर टाकलं तर ठीक, ऐन चढात जोर लावत बदलायला गेलो की चेन आतल्या बाजूला पडते आणि क्रँक (पेडलचा दांडा) नि फ्रेमच्या सांदीत अशी रुतून बसते की खाली उतरून, बोटं काळी करून, पेडल उलटं फिरवत ओढून काढावी लागते. परवा चिखलात तीनदा झालं हे, चेनस्टेचा (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) रंग खरवडून आतला धातू दिसायला लागलाय.

तर म्हटलं एकच चेनरिंग करून टाकू. आधी नक्की कुठले गिअर वापरतो ते बघावं म्हणून चार राईड हँडलबारवर कागदी टेप चिकटवून पेनाने रेघा मारल्या. ४२ च्या नावावर मोजून दोन रेघा, त्याही डांबरी उतारावरच्या. २२-३४ च्या नावावर मात्र लाज वाटावी इतक्या :( म्हणजे वरचे गिअर गेले तरी चालेल, खालचा गेला तर मी सायकल ढकलत जाणार हे नक्की.

आत्ताचा सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. अकरा स्पीड ११-४६ घेतली तर ३० ने तेवढंच येतं, ३२ ने ०.७० म्हणजे थोडं जड. ११-५१ घेतली तर ३२ नेसुद्धा ०.६३ येतं, आत्तापेक्षा हलकं. मग ४६ आणि ३० की ५१ आणि ३२? ५१ मध्ये दोन गिअरमधल्या उड्या मोठ्या पडतात म्हणे, खरंय का? आणि फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) साधा एचजी, म्हणजे शिमानो कंपनीचा नेहमीचा प्रकार आहे, तो बदलावा लागेल का?

प्रतिसाद १:
आधी क्रँक बघ, कॅसेट नंतर. तुझा क्रँक बहुतेक चार बोल्टचा असेल, तर शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या मधोमध ते मधोमध अंतर मोज. ७३-७४ मिमी आलं तर १०४ बीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिमीतला व्यास), त्यावर नेहमीची चेनरिंग ३२ पासूनच मिळते. ३० च्याही निघतात पण त्यात बोल्ट थेट चेनरिंगमध्येच आवळायचे असतात. चेनरिंग नॅरो-वाइडच (एक दाता बारीक, एक जाड अशी) घे आणि मागे क्लचवाला (चेन ताणून धरणारा) डिरेल्युअर, नाहीतर चेन परत पडेल आणि तू आम्हालाच शिव्या देशील.

उड्यांचं उलटंच आहे. शिमानोच्या ११-४६ मध्ये शेवटी ३७ वरून एकदम ४६, चढावर पाय अचानक रिकामे फिरतात. ११-५१ मध्ये ३९-४५-५१, पायऱ्या बऱ्या आहेत. ती एचजीवरच बसते. १० दात्यांपासून सुरू होणारी हवी असेल तरच मायक्रो स्प्लाइन किंवा एक्सडी नावाचा वेगळा फ्रीहब लागतो, त्या भानगडीत पडू नकोस.

प्रतिसाद २:
शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेल्युअर, चेन सगळं अकरा स्पीडचंच घ्या, नऊचा शिफ्टर ठेवून जुगाड जमत नाही. आणि तीन चेनरिंगचे बोल्ट एकीला लांब पडतात, आवळले तरी चेनरिंग हलत राहते. आखूड बोल्ट वेगळे मागवा, मी हे विसरून एक अख्खा रविवार घालवलाय.

धागाकर्ता:
मोजलं, ७३.५ च्या आसपास, म्हणजे १०४ च. वरच्या बाजूचाही हिशोब केला, ३२-११ वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३६ किमी, मला भरपूर झालं. ३२ आणि ११-५१ ठरलं, आखूड बोल्टसकट. आता फक्त चेन किती लांब कापायची ते सांगा.

प्रतिसाद १:
पुढची चेनरिंग आणि मागचा ५१ यांच्यावरून थेट गुंडाळ, डिरेल्युअरमधून न घालता. टोकं जिथे जुळतील त्यापुढे डिरेल्युअरच्या माहितीपत्रकात सांगितल्याइतक्या जादा लिंक ठेव, मग काप. आणि त्याआधी हँगर (मागचा डिरेल्युअर लटकतो तो फ्रेमचा तुकडा) सरळ आहे का बघ, ५१ वर वाकडा हँगर लगेच चुगली करतो.