न्यू बेडफर्डला बाबांना खेकडे पकडू द्यावेत का?

खारं_वारं:
नमस्कार मंडळी, आम्ही मॅसॅच्युसेट्सला असतो, न्यू बेडफर्डपासून जवळच. सध्या बाबा आलेत अलिबागहून आणि ओहोटीचा चिखल दिसला की त्यांचे हात नुसते शिवशिवतात. परवा बंदराकडे फिरायला गेलो तर किनाऱ्यावर पाटी, इंग्लिश, पोर्तुगीज, स्पॅनिश तिन्हीत, की इथले मासे, लॉब्स्टर, शिंपले काही खाऊ नका. आणि समोर बघावं तर स्कॅलपच्या (मोठ्या शिंपल्यांचा प्रकार) बोटी एकीला एक खेटून उभ्या, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त किमतीची मासळी वर्षानुवर्षं याच बंदरात उतरते म्हणे! बाबा म्हणतात, ते एवढं विकतात मग आपण चार खेकडे खाल्ले तर काय बिघडतंय. पाणी पण चांगलं दिसतं हो. नक्की भानगड काय आहे?

गाळवाला:
बाबांना थांबवा, खेकडे तर अजिबात नको. पाण्याकडे बघून काही कळत नाही कारण सगळा माल खाली गाळात आहे. 1940 च्या दशकापासून 1970 च्या दशकापर्यंत तिथे कपॅसिटर (वीज साठवणारे विजेच्या यंत्रांतले भाग) बनवायचे, त्यात पीसीबी नावाचं विषारी तेलकट केमिकल भरायचे, ते सहजासहजी पेट घेत नाही आणि इन्सुलेशनला एक नंबर. कारखान्यांची घाण गेली नदीत आणि बंदरात. आता हे पीसीबी पाण्यात जेमतेम विरघळतं, ते गाळाच्या बारीक कणांना जाऊन चिकटतं आणि तिथेच बसतं. बंदराच्या वरच्या अंगाला, नदीकडे, काही ठिकाणी गाळात 1,00,000 पीपीएमच्या वर सापडलं होतं, म्हणजे किलोभर सुक्या गाळात 100 ग्रॅम!! मग गाळातले किडे ते खातात, किड्यांना खेकडे आणि मासे, आणि प्रत्येकाच्या चरबीत ते साठत जातं. रस्सा कितीही उकळा, जात नाही. 1979 ला तिथली मासेमारी बंद केली, 1983 ला बंदर सुपरफंडच्या यादीत गेलं, म्हणजे सरकारने साफ करायच्या सगळ्यात विषारी जागांच्या यादीत.

बोटींचं म्हणाल तर त्या स्कॅलप आणतात बाहेरून, जॉर्जेस बँक नावाचा उथळ समुद्राचा पट्टा वगैरे, भर समुद्रातून. बंदरात फक्त माल उतरतो. तो बिनधास्त खा.

मालवणी_बोस्टनात:
+1. यात बंदराची गोची वेगळीच झाली. चालू बंदर म्हटलं की गाळ उपसावाच लागतो नाहीतर बोटी टेकतात, पण हा गाळ काढून टाकायचा कुठे? साध्या गाळासारखा समुद्रात नेऊन ओतता येत नाही. म्हणून वरच्या अंगाचा वाईट गाळ पाइपने ओढून, पाणी पिळून काढून, राज्याबाहेरच्या खास डंपिंगला पाठवला. आणि खालच्या बंदरात तर तळालाच मोठे खड्डे खणले, त्यात घाण गाळ भरला, वरून चांगल्या मातीचा थर टाकायचा. मला हे आधी ऐकून हसू आलं होतं, केर सतरंजीखाली सारल्यासारखं, पण विचार केला तर ट्रकभर ट्रक गाळ गावातून नेण्यापेक्षा बरंच. एका कारखान्यापायी कंपनीकडून 36 कोटी 60 लाख डॉलर वसूल केले सरकारने, हेही सांगायला पाहिजे.

शिवडीकर:
वाचून आमच्या मुंबईतल्या दारूखाना बंदराची आठवण झाली. तिथे जुनी जहाजं फोडतात, जुन्या केबल आणि रंगात पीसीबी असू शकतं आणि जहाजाच्या तळाच्या जुन्या रंगात टीबीटी नावाचं कथिलाचं विषारी केमिकल. तो रंग शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून लावायचे, जगभर बंदी 2008 ला लागू झाली पण गाळात हवा नाही म्हटल्यावर ते लवकर मोडत नाही. टीबीटीने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं, खोटं नाही! असो, धागा तुमच्या बंदराचा आहे.

खारं_वारं:
खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, 100 ग्रॅमवर जरा गप्प झाले. मग म्हणे बंदराच्या बाहेर ते वादळासाठी दगडी भिंत बांधलीय ना, तिच्या पलीकडे चालेल का?

गाळवाला:
हाहा, काका हार मानणार नाहीत. पलीकडे प्रमाण कमी आहे पण तिथेही काही भागांत मनाई आहे, आणि भाग बदलला की नियम बदलतो. गळ टाकायच्या आधी राज्याच्या आरोग्य खात्याचा नकाशा बघा. आणि एक, मार्केटमधला लॉब्स्टर आणलात तरी पाठीखालचं हिरवं काढून टाका, ती त्याची यकृतासारखी ग्रंथी, घाण साठते ती तिथेच. कुठल्याही बंदरातला लॉब्स्टर असला तरी तेवढं खाऊ नका असंच इथे सांगतात.

खारं_वारं:
अरे देवा, तेच तर ते भाकरीला लावून खातात.