बाळाला ताप किती आला की नाशिकला हलवायचं?

आशा सेविका, त्र्यंबकेश्वर तालुका
गृहभेटीत आया हेच विचारतात. औषधाने ताप उतरला की घरचे थांबतात आणि पाड्यावरून निघायलाच रात्र होते. नेमकं काय सांगू?

बालरोग नर्स, पंचवटी
ताई, आधी वय बघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला काखेत ३७.५ सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट) किंवा जास्त आलं की त्याच वेळी हलवा, बाळ चांगलं दिसत असलं तरी. ३५.५ च्या खालीही तेवढीच घाई, कारण इतक्या लहान बाळात जंतुसंसर्ग झाला तर ताप न येता अंग गार पडू शकतं. थंडीत गोधड्यांत गुंडाळलेलं असेल तर मोकळं करून थोड्या वेळाने परत मोजा. पण दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल तर परत मोजत बसू नका, १०८ लावा. वाटेत आईच्या अंगाशी उबेत ठेवा, पीत असेल तर पाजत राहा.

वैद्यकीय अधिकारी, नाशिकरोड
मोठ्या मुलात ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. पॅरासिटामॉल साध्या सर्दीचा ताप उतरवतं तसा न्यूमोनियाचाही उतरवतं. उतरल्यावर मूल कसं आहे ते बघा. तेव्हाही उठवून उठत नसेल, पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला असेल, मान ताठ किंवा टाळू फुगलेली असेल तर लगेच निघा. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पेला दाबून बघा. पेल्याखालीही ते तसेच दिसले तर थांबू नका. सावळ्या कातडीवर तळहात, तळपाय नीट तपासा.

डेंग्यूत तर ताप उतरतानाच धोका वाढतो. पोट दुखणं, वारंवार उलटी, हातपाय गार, लघवी कमी ही लक्षणं आयांना पाठ करून द्या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको.

आशा सेविका
न्यूमोनियासाठी श्वास मोजताना बाळ रडतं, आकडा चुकतो.

बालरोग नर्स, पंचवटी
शांत असताना किंवा झोपेत, पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास जलद कधी म्हणायचा? दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त (आला तर परत एकदा मोजा), वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा कमी असला तरी पाठवा.

आणि पॅरासिटामॉलची बाटली स्वतः वाचा. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर डोस चौपट होतो. वजनाच्या किलोमागे १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चार डोसांच्या वर नाही. दोन महिन्यांखाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.