मदत हवी आहे : जुन्या गोव्याचा तट नेमका कोठून जात होता?

नमस्कार. आल्बुकेर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून जिंकलेले आणि पुढे पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी झालेले जुने गोवे वारंवारच्या साथींनी व ओसरत्या व्यापाराने उजाड झाले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला गेला, एवढे मला ठाऊक आहे. माझे अडते ते तटबंदीपाशी. गेल्या रविवारी व्हाइसरॉय कमानीपासून सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापर्यंत चालत जाताना झाडीत मुळांनी उसवलेली जांभ्याची एक भिंत दिसली (पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत), पण ती शहराच्या तटाची की एखाद्या मठाच्या आवाराची, हे कळेना. तटाची रेषा दाखवणारा जुना नकाशा पणजीत कोठे पाहायला मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मराठीत काही लेखन असल्यास तेही कळवावे.